पाण्याशेजारची पट्टी

पुंजाराम बन्सी धिंदळे भंडारदऱ्याच्या धरणावर पहारेकरी होता. सकाळी भिंतीजवळच्या मोजखांबाशी जाऊन पाणी कुठवर आलंय ते बघायचं, कचेरीत येऊन सांगायचं आणि मग खाकी सदरा घालून दिवसभर भिंतीवर कुणी गुरं घालत नाही ना ते पाहत हिंडायचं, एवढंच त्याचं काम. कचेरीतला साहेब बदलायचा, खुर्चीवरची गादी बदलायची, पण प्रश्न तोच असायचा. "पुंजाराम, आज पाणी किती?" आणि पुंजाराम उत्तर द्यायचा. यात कुणाला काही विशेष वाटायचं कारण नाही. पण धरणाच्या मागच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी हिरडवाडी नावाची महादेव कोळ्यांची वाडी होती, पुंजाराम तिथला, आणि त्या वाडीत त्याला कुणी कधीच काही विचारत नसे. कचेरीतल्या त्या एका प्रश्नासाठी हा माणूस नोकरीला चिकटून होता असं म्हटलं तरी चालेल.

हे कळायला त्याच्या बापाकडे जावं लागतं.

धरणाचं पाणी चढलं तेव्हा हिरडवाडीची खालची भातखाचरं बुडाली आणि माणसं वर खडकावर येऊन बसली. खडकावर नाचणी होते, वरई होते, तीही देवाच्या मनात असेल तर. मात्र दरसाल पावसाळा सरला आणि पाणी उतरायला लागलं की काठ उघडा पडतो. त्याच्यावर साचलेला गाळ हातात घेतला तर लोण्यासारखा लागतो. त्यात केलेल्या पेरणीला गाळपेर म्हणतात. नांगर फारसा लागत नाही, खत लागत नाही, ओल आयती असते. अडचण एकच. जितकं खाली उतराल तितका गाळ चांगला, आणि अवकाळी पाऊस होऊन पाणी मागं फिरलं तर बुडणारही पहिलं तेच. कुठवर उतरायचं हे कुणीतरी सांगावं लागतं. हिरडवाडीत ते सांगणाऱ्याला काठधऱ्या म्हणत, आणि हा मान धिंदळ्यांच्या घरात होता.

मान म्हटलं की लोकांना फेटा आणि नारळ आठवतो. हा मान तसला नव्हता. काठधऱ्यानं काठावर दगड मांडून सांगायचं की इथवर पेरा. आणि त्या दगडांच्या खाली, पाण्याला लागून एक पट्टी राहायची, ती त्याची स्वतःची. तिथं त्यानं सगळ्यांच्या आधी पेरायचं आणि सगळ्यांच्या शेवटी कापायचं. पाणी चढलं तर त्याची पट्टी आधी ओली होणार. ती ओली झाली की त्यानं हाळी घालायची, "काठ ओला!" आणि सगळ्या वाडीनं विळे घेऊन खाली धावायचं. ज्यानं कुणी ही रीत घातली त्याला माणसाचा स्वभाव पक्का ठाऊक असणार. दुसऱ्याला सल्ला द्यायला तोंड सगळ्यांनाच असतं. इथं सल्ला देणाऱ्याचं पोट सल्ल्याच्या खाली बांधलेलं होतं.

पुंजारामचा बाप बन्सी चांगला काठधऱ्या होता. पण एका साली जंगलातल्या कोळशाच्या ठेकेदारानं त्याला मुकादम केला. डोक्यावर टोपी, हातात छडी, चार माणसं हाताखाली. बन्सीनं सवड काढून दगड मांडले, वाडीनं त्याच्या शब्दावर पेरलं. स्वतःची पट्टी मात्र त्यानं पेरली नाही. आज पेरू, उद्या पेरू करता करता राहून गेलं. आणि नेमका त्याच साली पीक भरात असताना घाटमाथ्यावर आभाळ फाटलं. खालची पट्टी मोकळीच होती, तिथं लक्ष ठेवायला कुणी नव्हतं, हाळी पडली नाही. सकाळी वाडी उठली तर कणसांच्या जागी पाणी हलत होतं. त्या साली लोकांनी कंद उकडून खाल्ले. आसाराम लोटे नावाच्या माणसाची लहान मुलगी उपासानं वाळत गेली आणि पावसाळ्याच्या तोंडी तापानं गेली.

वाडी बन्सीशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं; शिव्या दिल्या, डोकी फुटली की माणसं पुन्हा एका चिलमीवर येतात. वाडीनं फक्त त्याला विचारणं बंद केलं. लग्नाला बोलावत, पंगतीला बसवत, आजारी पडला तर औषधाची पाळंमुळं आणून देत. पण प्रश्न म्हणून एकही त्याच्याकडे जाईना. काठाचं सोडाच, "जेवलास का" असंसुद्धा कुणी म्हणत नसे. "जेवून घे" म्हणत. "कुठं चाललास" म्हणत नसत. "जाऊन ये" म्हणत. बन्सी आपण होऊन काही सांगायला लागला तर ऐकून घेत, मान हलवत आणि उठून जात. मुकादमकी ठेकेदाराबरोबर गेली. हा न विचारण्याचा वसा मात्र बन्सीला मरेपर्यंत पुरला, आणि पुढं पोरालाही आला.

चांगुणा लग्न होऊन आली तेव्हा तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी ती झऱ्यावर गेली. सासरच्या झऱ्यावर नव्या नवरीला बायका किती छळतात ते सगळ्यांना माहीत आहे. माहेर कुठलं, भाऊ किती, नवरा आवडला का, नाव घे. चांगुणा उत्तरं घोकून गेली होती. बायकांनी तिला वाट करून दिली आणि म्हणाल्या, "भर पानी." बस्स. ती घरी येऊन चुलीपुढं रडली. पुंजारामनं तिला कारण सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हे तर वाळीत टाकल्यापरास वाईट हाय." ते खरंच होतं. वाळीत टाकलेला माणूस निदान दुसऱ्या गावी जाऊन गाऱ्हाणं सांगू शकतो.

बन्सीनंतर वाडीला काठधऱ्या उरला नाही. जो तो भीत भीत वरवर पेरायचा, आणि खालचा उत्तम गाळ दरसाल उघडा पडून दरसाल तसाच बुडायचा.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. निम्मा जिल्हा रस्त्याच्या कडेला खडी फोडायला बसला. डोंगरातही पाऊस रुसला, आणि जे पाणी धरणात साठलं ते खालच्या तहानेला सोडून द्यावं लागलं. माघ लागता लागता धरण तळाला गेलं. कुणी जन्मात पाहिला नव्हता असा गाळ उघडा पडला, काळा, ओला, दूरवर पसरलेला. वर वाडीत माणसं रेशनचा लाल मिलो, ती परदेशी ज्वारी, शिजवून खात होती आणि खाली एवढी जमीन नुसती पडून होती.

तेव्हा सरकारनं आदिवासींच्या जमिनी आणि जलाशयाचा काठ यांचं नियोजन करायला एक समिती नेमली. तिच्याबरोबर सामंत नावाचे तज्ज्ञ सल्लागार आले. ते मूळचे कोकणातले. खाडीकाठच्या खार जमिनी, समुद्राचं पाणी अडवणारे बांध, भरती-ओहोटी यांत त्यांचे केस पांढरे झाले होते. डोंगरातल्या कोळ्यांना समुद्रावरचा माणूस सल्ला देणार म्हणून कचेरीतल्या कारकुनांनी हसून घेतलं. पण सामंत साहेबांना काठ कळत होता. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "पाण्याकडे रोज बघणारा माणूस कोण?" आणि पुंजारामला बोलावणं गेलं.

ते दोघं त्या गाळातून पुष्कळ हिंडले. साहेब पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, खांद्यावर उतार मोजायचं यंत्र घेऊन. पुंजाराम अनवाणी, टाचेनं ओल चाचपत. कुणी कुणाला शिकवलं असं झालं नाही. पुंजारामनं एका ओढ्याच्या तोंडाशी काठ फार खाली धरला होता, तिथं दरड ढासळेल हे साहेबांनी दाखवलं आणि ते बरोबर होतं. वर घाटात पाऊस झाला की कुठल्या घळीतून पाणी आधी येतं हे पुंजारामनं दाखवलं, तेही बरोबर होतं. धरण तळाला गेलं की त्याची परात उरत नाही, वाटी होते, थोड्या पाण्यानंही ती लगेच भरते, या एका गोष्टीवर दोघांचं पहिल्या दिवसापासून एकमत होतं. शेवटी दोघांनी मिळून काठ ठरवला.

साहेबांनी पुंजारामला समितीवर स्थानिक सल्लागार म्हणून घेतलं. बैठकीत त्याला खुर्ची मिळाली. कपबशीतला चहा मिळाला. चहाचं कौतुक त्याला नव्हतं. पण टेबलाभोवतीची माणसं त्याच्याकडे वळून म्हणत होती, "पुंजाराम, तुमचं काय मत? इथं काय करावं? तुम्हाला काय वाटतं?" पन्नाशीला आलेला तो माणूस घरी येऊन चांगुणाला सांगताना मध्येच थांबला. "लई इचारलं गं मला आज," एवढंच तो म्हणाला.

समितीचा एक नियम होता. सल्ला देणाऱ्याचा त्या जमिनीत कसलाही वाटा असता कामा नये. साहेबांनी कागद पुढं केला: या काठावर मी किंवा माझ्या घरचं कुणी जमीन कसणार नाही. पुंजारामनं तो वाचून घेतला आणि आनंदानं सही केली. त्यानं सही का केली हे नीट समजून घ्यायला हवं. बापाची चूक त्याच्या मनात रुतून बसली होती, आणि तिचा अर्थ त्यानं एकच लावला होता, की बाप लोभाला बळी पडला. मग आपण लोभ सरळ सोडूनच दिला, काठावरचा हक्क लिहून दिला, तर बापाचं उणं भरून निघेल. मनानं निर्मळ माणूस होता तो. पण चुकला, आणि अशी चूक धिंदळ्यांच्या घरातलाच माणूस करू शकला असता.

जीपला कर्णा बांधून वाड्या-वाड्यांतून दवंडी फिरली. सल्लागार पुंजाराम धिंदळे यांनी आखलेल्या काठापर्यंत प्रत्येक घराला पट्टी मिळेल, बाजरीचं बी फुकट मिळेल, ताबडतोब पेरा. हिरडवाडीची माणसं आली. शांतपणे रांगेत उभी राहिली, बी पदरात घेतलं, घरी गेली. आणि कुणी पेरलं नाही.

एक दिवस गेला, दुसरा गेला, आठवडा सरत आला. उन्हं तापायला लागली होती आणि गाळ वरून पांढरा पडून तडकत चालला होता. अजून थोडे दिवस गेले असते तर बी टाकून उपयोग नव्हता. समितीतले लोक चिडले. बी खाऊन टाकतील, म्हणाले, यांना फुकट द्यायचंच नव्हतं. कुणी म्हणालं अंधश्रद्धा, कुणी म्हणालं आळस. सामंत साहेबांनी पुंजारामकडे पाहिलं. तो वाडीत घरोघर फिरून आला, पेरा म्हणून पाया पडायचा राहिला. सगळ्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली. बापाला हलवत होते तशीच.

त्या दिवशी दुपारी तो अंगणात डोकं धरून बसला होता. चांगुणा मिलो निवडत होती.

"आवं," ती म्हणाली, "दगडांच्या खाली कुनाचं बी हाय?"

पुंजारामनं वर पाहिलं.

"लोकं दवंडी ऐकून खाली जात्यात, दगडांच्या खाली बघत्यात, तिथं काय न्हाई म्हनून माघारी येत्यात. मी रोज बघते. मामंजींनी पट्टी पेरली न्हवती. तुमी पेरनार न्हाई म्हनून लिवून दिलंत. त्यांनी आळसानं सोडली, तुमी सही करून सोडली. आसारामबाबाला त्यात फरक काय दिसनार?"

बापाची चूक धुवायला म्हणून गेलो आणि तीच चूक सरकारी शाईनं पक्की करून आलो, हे पुंजारामच्या ध्यानात आलं तेव्हा त्याला अंगणातून उठवेना. राग आला असता तर कुणावर काढायचा ते तरी कळलं असतं. वाडीचं चुकत नव्हतं. साहेबांचंही चुकत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो विश्रामगृहावर गेला. सामंत साहेब व्हरांड्यात दाढी करत होते. त्यांनी तोंड पुसलं आणि त्याचं सगळं ऐकून घेतलं.

"पुंजाराम," ते म्हणाले, "हा नियम मी का धरून बसलोय ते सांगतो. आमच्याकडे खाडीला बांध कुठे घालायचा याचा सल्ला मोठ्या माणसांनी दिला. बांध झाल्यावर आतली गोडी जमीन कुणाच्या नावावर निघाली? त्यांच्याच. आणि बांधाबाहेर राहिलेल्या भंडाऱ्यांच्या खाचरांत मीठ फुटलं. माझे मामा त्यांत होते. जमीन खारावली तशी घर सोडून मुंबईला गेले, परत आले नाहीत. ज्याचा जमिनीत वाटा आहे त्याच्या सल्ल्यावर मी विश्वास कसा ठेवू?"

"सायेब, खरं हाय तुमचं," पुंजाराम म्हणाला. "पन ज्याचं काईच बुडनार न्हाई, त्याच्या सल्ल्यावर आमी कसा ठिवायचा?"

साहेबांनी वस्तरा धुऊन ठेवला. मग म्हणाले, "तुम्हाला सूट दिली तर उद्या तालुक्यातला प्रत्येक पुढारी सल्लागार होऊन काठावर पट्टी मागेल. मला तसं करता येणार नाही."

"सूट नगं. मला सल्लागार म्हनून काडून टाका."

"विचार करा. पावसाळ्यानंतरही समिती राहणार आहे. तुमच्याइतका काठ जाणणारा माणूस मला मिळायचा नाही. तुम्हाला तिथे बसायला आवडतं, मी पाहिलंय."

आवडत होतंच. त्या खुर्चीवर त्याला जेवढं विचारलं गेलं तेवढं साऱ्या जन्मात कुणी विचारलं नव्हतं, आणि खुर्ची गेली की उरणार ती वाडी. ती विचारेल याचा काहीच भरवसा नव्हता. पुंजारामनं खाली पाहिलं, हातातली टोपी दोनदा उलटीपालटी केली आणि म्हणाला, "आवडतं सायेब. पर काडून टाका."

"काठाखाली सरकार जमीन देत नाही," साहेब म्हणाले. "तिथं पेरलंत तर ते आमच्या योजनेत नाही. बी मिळणार नाही. बुडालं तर भरपाई नाही."

"भरपाई कोन मागतंय," पुंजाराम म्हणाला.

बी घरातच निघालं. चांगुणाच्या भावानं खालच्या मुलखातून थोडी बाजरी पाठवली होती. सणाला एकदा तरी तोंडाला चव यावी म्हणून तिनं ती मडक्यात राखून ठेवली होती. तिनं मडकं काढलं, त्यावरचं फडकं सोडलं आणि नवऱ्याच्या हातात देताना तोंड फिरवलं. त्या दिवसापासून घरात सणासुदीलाही मिलोच शिजणार होता.

दगडांच्या खाली, पाण्याला लागून पुंजारामनं सरी ओढली आणि मागून चांगुणानं दाणे टाकले. वर उतारावर एकेक माणूस येऊन उभं राहिलं. कुणी हाक मारली नाही. त्या दोघांनी पट्टी पुरी केली, हात धुतले आणि घरी आले. सकाळी उठून पाहतात तर अख्खी वाडी गाळात उतरली होती. सगळ्यात शेवटी, काठी टेकत, आसाराम आला. त्याची पट्टी पुंजारामच्या पट्टीला लागून, दगडांच्या लगेच वर होती. त्यानं पुंजारामकडे पाहिलं नाही. दगडांच्या खालची ताजी ओढलेली सरी मात्र तो वाकून बराच वेळ पाहत होता.

बाजरी अशी आली की पाहणाऱ्याला दुष्काळ आहे हे खोटं वाटावं. वैशाखात वरच्या पट्ट्या पिवळ्या पडल्या, खालच्या, ओल जास्त म्हणून, मागून भरत गेल्या. पुंजारामची सगळ्यात मागं होती, तिच्या कणसांत अजून दूध होतं. चांगुणा रोज जाऊन एखादं कणीस दाबून बघायची आणि घरी येऊन सांगायची, "आठ दिस अजून."

ते आठ दिवस मिळाले नाहीत. एका दुपारी रतनगडाच्या बाजूनं आभाळ काळं झालं आणि रात्रभर घाटमाथ्यावर कोसळत राहिलं. वाडीत नुसते शिंतोडे आले. उजाडताच पुंजाराम खाली गेला. त्याच्या पट्टीतल्या ताटांच्या बुडाशी पाणी चमकत होतं. तो मागं वळला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि बापाची जी हाळी त्या एका साली पडायची राहिली होती ती घातली.

"काठ ओलाऽऽ!"

डोंगरानं ती परत दिली. वाडीतून माणसं विळे घेऊन, लुगड्यांचे काचे मारून, तान्ही पोरं म्हाताऱ्यांच्या हातात देऊन खाली धावली. जो तो आपल्या पट्टीला लागला. पाणी घाई करताना दिसत नव्हतं, पण थांबतही नव्हतं. आसाराम एकटाच होता. त्याचा मुलगा लांब खडीच्या कामावर, सून बाळंतीण. म्हाताऱ्याची अजून एक पेंढीही पुरी झाली नव्हती. पुंजाराम सरळ त्याच्या पट्टीत शिरला आणि कापायला लागला. चांगुणाही शिरली, पण ती पुन्हा पुन्हा मागं बघत होती. त्यांची स्वतःची बाजरी गुडघाभर पाण्यात उभी होती आणि कणसं हळूहळू वाकत होती.

"मी जाते," ती म्हणाली. "कवळी असली तरी चार कनसं येतील. मी जाते."

"आपली शेवटी," पुंजाराम म्हणाला.

"कुनी लावली ही शेवटी? या वाडीनं आपल्याला काय दिलं? कदी इचारलं तरी का एका मानसानं, चांगुने, बरी हायेस का म्हनून?" ती ओक्साबोक्शी रडत होती आणि हातानं कापत होती. पुंजाराम खाली मान घालून विळा चालवत राहिला. आसाराम तिथंच, हाताच्या अंतरावर पेंढ्या बांधत होता. त्यानं ऐकलं नसेल असं होणं शक्य नव्हतं.

दुपारी सामंत साहेबांची जीप आली. त्यांनी बूट काढले आणि भारे उचलून वर नेऊ लागले. एक भारा ठेवून परत येताना ते पुंजारामजवळ थांबले. "आणि तुमची पट्टी?" पुंजारामनं हात केला. तिथं आता शेंडे तेवढे दिसत होते. साहेबांनी खाली वाकून पुढचा भारा उचलला.

संध्याकाळपर्यंत वाडीचं सगळं पीक वर आलं. नंतर पाऊस थांबलाच नाही. काठाचे दगडही बुडाले. त्या पावसाळ्यात हिरडवाडीत कुणी कंद उकडले नाहीत. मळणीनंतर धिंदळ्यांच्या दारात एकेका घरून सूपभर बाजरी आली. आणणारी बाई सूप ओतायची, पदर सावरायची आणि म्हणायची, "घे." चांगुणा घ्यायची. पोट भरलं, पण दर सुपागणिक तिचा जीव थोडा कळवळायचा, कारण ती कशाची वाट बघत होती ते तिला आता पक्कं कळलं होतं. सामंत साहेबांची बदली झाली. समितीच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलं. पुंजाराम पुन्हा रोज मोजखांबावरचं पाणी सांगायला लागला.

पुढच्या साली पौषात पाणी उतरलं. एका सकाळी पुंजाराम कामावर निघायच्या तयारीत ओट्यावर बसून मुंडासं बांधत होता. आसाराम चढण चढून आला. मुलगी गेल्यापासून त्यानं या घराची पायरी चढली नव्हती. चांगुणानं घोंगडी टाकली, पाण्याचा तांब्या ठेवला. म्हातारा बसला, पाणी प्यायला, धाप जिरेपर्यंत समोरच्या डोंगराकडे पाहत राहिला.

"पुंजा," तो म्हणाला.

"जी, बाबा."

"औंदा काठ कुठं धरायचा?"

पुंजारामच्या हातातलं मुंडासं तसंच राहिलं. रोज सकाळी सरकारला पाणी सांगणाऱ्या त्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी गालांवर आलं आणि त्यानं ते पुसलंही नाही. आसारामनं घाई केली नाही. पुष्कळ वर्षं न विचारता थांबलेला माणूस उत्तरासाठी थोडा थांबायला तयार होता.

"उद्या सकाळी खाली जाऊ," शेवटी पुंजाराम म्हणाला. "तुमी संगं या, बाबा. मग सांगतो."

आसारामनं मान हलवली, काठी घेतली आणि उठला. चांगुणा दारात उभी होती. तिच्यासमोरून जाताना तो थांबला.

"जेवलीस का गं पोरी?" त्यानं विचारलं.

"व्हय, बाबा," चांगुणा म्हणाली. चूल अजून पेटायची होती.